रुसाल्का आणि आमची व्युत्पत्ति

रशियन लोककथांतील ‘रुसाल्का’ आम्हांस प्रथम भेटली, तेव्हां तिच्या नांवाचा उलगडा आम्ही क्षणांत करून टाकला. बहुधा लग्नापूर्वी बुडून मेलेल्या मुलींचीं हीं भुतें. तेव्हां रुसलेली ती रुसाल्का! चार मित्रांस ही व्युत्पत्ति ऐकवून आम्ही वाहवाही मिळविली, हें कबूल करावयास हवें.

वस्तुतः हा शब्द रोमन लोकांच्या ‘रोसालिया’ या गुलाबांच्या सणाचा वंशज. त्या सणांत थडग्यांवर फुलें वाहत. सणाचें नांव स्लाव लोकांकडे गेलें आणि पुढें त्या दिवसांत वावरणाऱ्या मृतात्म्यांसच चिकटलें. युक्रेनी बोलींत याच जातीच्या पोरींना ‘मावका’, कार्पेथियन डोंगरांत ‘न्यावका’ म्हणतात. त्यांच्या मुळाशीं मृतवाचक जुना स्लाव शब्द आहे. खेड्यांतला शब्दच अधिक स्पष्टवक्ता निघाला.

घरांत राहणाऱ्या ‘दोमोवोय’कडे मात्र आमचें लक्षच गेलें नव्हतें. ‘दोम’ म्हणजे घर. तो वैदिक ‘दम’चा सख्खा भाऊ, आणि हा ‘दम’ आमच्या ‘दंपति’ शब्दांत अजून बसलेला आहे. पण बोलींत त्या घरभुताचें नांव घेण्याचें टाळतात. उत्तर रशियांत तो ‘सुसेद्को’, म्हणजे शेजारी. कोठें आजोबा, कोठें धनी. रात्रीं सापास ‘जनावर’ म्हणणाऱ्या आमच्या आजीस हें समजावून सांगावें लागलें नसतें.