प्रॉमिस आणि शब्द

मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे 'शब्द देणे' म्हणजे काय ते कळण्याच्या कितीतरी आधी मला 'प्रॉमिस' माहीत होतं. गळ्याला चिमटा घेऊन 'गॉड प्रॉमिस' म्हणायचं आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरून जायचं! इंजिनीअरिंगला आल्यावर तर चिमटाही सुटला. आता नुसतं 'हो रे, करतो' म्हणायचं. जर्नल संध्याकाळी परत देतो, मेसचा हिशेब रविवारी लावतो, पाच मिनिटांत पोहोचतो... होस्टेलमध्ये हे सगळं खपून जातं, कारण समोरचाही आपल्यासारखाच असतो.

ते कुठे खपत नाही, हे मला मागच्या दिवाळीच्या आधी कळलं.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधपासून फार लांब नाही. डोंगरांच्या मधला तिथला मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे गोंदियाच्या पोरांना वेगळं सांगायला नको. असे लहानमोठे हजारो तलाव आपल्या पूर्व विदर्भात आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच मामा तलाव. आमच्या गावचा तलावही तसलाच. पाऊस उघडला आणि भारी धान लोंबीवर आला की शेवटच्या पाण्यावर सगळं असतं. पाणकर पाळी सांगतो, आज रात्री अमक्याची बांधी, उद्या तमक्याची. कागद नाही, सही नाही.

त्या रात्री दहापासून आमची पाळी होती. आजोबांना ताप होता. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही झोपा. पाण्याचं मी बघतो." आणि मोबाईलवर मॅच बघत पडलो, तिथेच डोळा लागला.

सकाळी जाऊन पाहतो तर आमची बांधी कोरडी आणि पाणी रात्रभर नाल्यात गेलेलं. वरच्या बांधीवाल्या काकांनी मात्र ठरल्याप्रमाणे बरोबर दहाला आपल्याकडचं पाणी बंद केलं होतं. त्यांची एक बांधी अर्धवटच भिजली होती, तरीही. का? तर आमची पाळी सुरू झाली म्हणून!

पाणकर आमच्या नात्यातलाच. मी आजोबांना म्हटलं, त्याला सांगून आज रात्री पाणी घेऊन टाकू. आजोबा म्हणाले, "आज दुसऱ्याची पाळी आहे. आपली आपण झोपून घालवली." नंतर कळलं की पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी होती. गाव त्याचं ऐकतं ते उगाच नाही. आमच्या त्या बांधीतला बराचसा धान पोचट निघाला. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आपण सेवाग्रामला सहलीला जातो, फोटो काढतो. पण गांधीजी आपल्या विदर्भात आले कसे? १२ मार्च १९३० ला साबरमतीहून दांडीला निघताना ते म्हणाले होते, स्वराज्य मिळाल्याशिवाय या आश्रमात परत येणार नाही. पुढे मीठ उचललं, तुरुंगवास झाला, पण स्वराज्य काही आलं नव्हतं. मग ते साबरमतीला राहायला गेलेच नाहीत. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात येऊन राहिले, तेच आजचं सेवाग्राम. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला आपण लीडरशिपच्या कितीतरी स्लाइड्स बघतो. मला वाटतं, आधी एवढं जमलं पाहिजे. आपण 'हो' म्हणतो तेव्हा समोरचा त्या भरवशावर आपलं पाणी बंद करून बसलेला असतो.

फर्स्ट इयरच्या एका मुलाला ग्राफिक्सची शीट समजावून देतो म्हणून मी तीन आठवडे झुलवत होतो. मी 'हो' म्हटलं म्हणून त्याने दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं. परवा रात्री नऊला त्याच्या रूमवर गेलो. तो म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्ही विसरलात."

विसरलो नव्हतो. तेच जास्त वाईट होतं.

राहिला मेसचा हिशेब. तो कधी लावणार हे आता सांगत नाही. लावला की नोटीस बोर्डावर दिसेलच.