रोजचा मान्ना

‘देव बघून घेईल’ हे वाक्य आपल्याकडे दोन अर्थांनी वापरलं जातं. एक म्हणजे, माझ्या हातात होतं ते मी केलं, पुढचं त्याच्यावर. दुसरा म्हणजे, मला काही करायचं नाहीये, विषय संपवा! मी दर रविवारी चर्चला जातो हे कळलं की ऑफिसातले लोक मला दुसऱ्या गटात टाकून मोकळे होतात. परवा लेऑफच्या बातम्यांवर चर्चा चालली होती, तेव्हा एक मित्र म्हणालाच, "तुझं बरंय रे बाबा, तुझा भरवसा वरच्यावर. तुला कसलं टेन्शन?"

टेन्शन मलाही आहे. होमलोनचा हप्ता मलाही आहे. पण भरवसा म्हणजे नक्की काय, हे त्याला टपरीवर चहा पिता पिता सांगता येईना. म्हणून हा शनिवार त्याच्यासाठी.

जुन्या करारात, निर्गमच्या पुस्तकात, मान्नाची गोष्ट आहे. इस्राएली लोक मिसरातून निघून रानात आलेत, खायला काही नाही. देव त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना देतो. नियम असा की माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, आणि उद्यासाठी ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. रविवारच्या शाळेत आम्हाला एवढंच सांगायचे: देव देतो, साठवू नका.

पण मोठेपणी वाचताना दोन गोष्टी नव्याने दिसल्या. मान्ना तंबूत येत नव्हता. सकाळी उठून, बाहेर जाऊन, वाकून वेचावा लागे, आणि ऊन चढलं की तो वितळून जाई. म्हणजे देवावर भरवसा ठेवून अंथरुणात लोळणारा उपाशीच! आणि दुसरी गोष्ट, सहाव्या दिवशी दुप्पट वेचायची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. तो साठवलेला मान्ना मात्र नासला नाही. म्हणजे साठवणं हेच मुळात पाप नव्हतं. भीतीपोटी साठवणं वेगळं आणि सांगितलंय म्हणून साठवणं वेगळं. त्यामुळे माझी एसआयपी चालू आहे, काळजी नसावी :-)

हे सगळं प्रत्यक्ष जगलेलं माणूस बघायचं तर पुण्याहून दौंडच्या गाडीत बसावं आणि केडगावला उतरावं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. रमाबाईंनी पोरवयात दुष्काळात आई-वडील गमावले, पुढे बहीण, भाऊ आणि १८८२ मध्ये नवराही. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली अमेरिकेत, बोस्टनला, त्यांच्या कामासाठी एक असोसिएशन स्थापन झाली आणि तिने १० वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. त्यातून १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

आता आपल्या भाषेत बघा. दहा वर्षांचं फंडिंग, मुदत संपत आलेली, आणि नेमका १८९६ चा दुष्काळ. कोणीही शहाणा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल, स्कोप कमी करा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पण नुसत्या प्रार्थना करत बसल्या का? नाही. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. प्रार्थनाही होती, तीही रोज, आणि कामही रोज. दोन्ही वेगळे खाते नव्हतेच.

‘आज्ञापालन’ हा आमच्याकडचा आवडता शब्द. पण तो फार वेळा ‘मोठ्यांचं ऐका’ एवढ्यावर आणून ठेवला जातो. रमाबाई इंग्लंडात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला निघाल्या, तर इथल्या बिशपांनी आक्षेप घेतला. बाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांवर पत्रं लिहून स्पष्ट कळवलं की एका जोखडातून सुटले ते दुसऱ्या कुणाला विवेकबुद्धी सोपवण्यासाठी नाही. ही पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत, जरूर मिळवून वाचा. देवाची आज्ञा मानणारी बाई माणसांच्या प्रत्येक आज्ञेपुढे मान तुकवत नाही, उलट तिला तिथे ‘नाही’ म्हणायचं बळ येतं.

हे ‘नाही’ आपल्या क्युबिकलमध्ये कसं दिसतं? आमच्या एका रिलीजच्या आदल्या रात्री मला सांगण्यात आलं की न चालवलेल्या टेस्ट केसेससमोर ‘पास’ लिहून टाक, क्लायंट कुठे बघतोय. सांगणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलं होतं. मी ‘नॉट रन’ लिहिलं. रिलीज दोन दिवस पुढे गेलं आणि त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. आता तुम्ही म्हणाल, नंतर मोठा बग निघाला असेल आणि सगळ्यांना पटलं असेल. छे! केसेस चालवल्या तेव्हा सगळ्या पास झाल्या. एकही बग नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग? देवाने तुला खरं लिहायला सांगितलं होतं, बग शोधायला नाही." आणि लगेच, जेवलास का.

तिचं ते वाक्य मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा पुरलंय. आज्ञा पाळली की फळ मिळालंच पाहिजे, असा करार धरला तर तो भरवसा नाही, व्यवहार झाला. रमाबाईंच्या वाट्याला काय आलं? बरोबरीने काम करणारी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, कितीतरी वर्षं चाललेलं काम. ते त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. छपाई केडगावच्याच छापखान्यातली.

तेव्हा मित्रा, भरवसा म्हणजे नोकरी जाणार नाही याची खात्री नव्हे. ती जाऊ शकते, माझीही. भरवसा म्हणजे ती गेली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचं, त्या दिवसापुरतं मागायचं आणि टोपली घेऊन बाहेर पडायचं. आणि हो, तुझा रेझ्युमे पाठव. माझ्या जुन्या टीममध्ये एक जागा आहे, सोमवारी बोलतो त्यांच्याशी.