रविवार दुपारचा शक्तिमान

पाचवीच्या वर्गात एकदा शेवटच्या तासाला मी मुलांना शक्तिमानची गोष्ट सांगत होते. आमच्या लहानपणी टीव्हीवर असा एक माणूस होता, तो गिरकी घेऊन उडायचा, वगैरे. मुले हसत होती. मध्येच मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"टीचर, शक्तिमान अपना था क्या?"

मी म्हटले, "हाँ, सबका था."

"वैसा नै टीचर. अपना?"

त्याचा प्रश्न मला तेव्हा कळला. वर्गात उत्तर देता आले नाही, तेवढ्यात घंटा झाली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही.

शक्तिमान दूरदर्शनवर 1997 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला आणि 2005 पर्यंत चालला. तेव्हा आम्ही विट्यात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. अब्बा यंत्रमागावर कामाला होते, अम्मी घरी कांड्या भरायची. घरात टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता. काका गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूकडे असत. खानापूर तालुक्यातली कितीतरी घरे अशीच सोने-चांदी गाळणाऱ्यांच्या कमाईवर उभी राहिली. काका दिवाळीला गावी येत. अशाच एका दिवाळीला त्यांनी तो टीव्ही आणला होता. काळा-पांढरा. शक्तिमानचा पोशाख लाल आणि सोनेरी आहे, हे मला दुकानातल्या स्टिकरवरून समजले.

रविवारी दुपारी बाराच्या आधी काकूंच्या खोलीत दहा-बारा मुले जमायची. काकूंची दोन, आम्ही तीन भावंडे, बाकी गल्लीतली. कोण कोणाच्या घरचे हे कोणी विचारत नसे. भांडण फक्त पुढे बसण्यावरून व्हायचे. वीज गेली की सगळे एका सुरात ओरडायचे आणि आली की त्याहून मोठ्याने.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. 1998 चा डिसेंबर. रमजान सुरू झाला होता आणि मी हट्टाने रोजा धरला होता. त्याच आठवड्यात मी एक गुन्हा केला होता. अब्बांच्या सदऱ्याच्या खिशातून एक रुपया काढून शक्तिमानचे स्टिकर घेतले होते. रविवारी काकूंकडे बसले. कार्यक्रमाच्या शेवटी शक्तिमान मुलांना एखादी लहानशी गोष्ट समजावून सांगायचा. चुकलेले मूल त्याला "सॉरी शक्तिमान" म्हणायचे. त्या दिवशी ते ऐकताना तो पडद्यातून माझ्याकडेच बघतो आहे असे मला वाटले आणि मी रडू लागले.

मुले गेल्यावर काकूंनी जवळ घेतले. मी सगळे सांगितले आणि विचारले, "काकू, माझा रोजा तुटला का?"

काकू म्हणाल्या, "त्यातलं मला काय ठावं पोरी? ते तुझ्या अब्बांस्नी इचार. पर रुपायाचं आधी सांग जा."

मी घरी जाऊन सांगितले. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सच बोली ना, बस." रोजा तुटला की नाही हे विचारायचे राहूनच गेले. त्यानंतरचे सगळे रविवार रमजान संपेपर्यंत काकूंनी आपल्या मुलांना टीव्हीपुढे बिस्किटे खाऊ दिली नाहीत. पारलेची जाहिरात लागायची आणि काकूंचा धाकटा माझ्याकडे रागाने बघायचा.

पुढे काकूंचे सगळे बिऱ्हाडच काकांकडे गेले. भांडण नाही, तंटा नाही. धंदा तिकडे होता, मुलांच्या शाळा तिकडे झाल्या. आम्हीही ती गल्ली सोडली. मी डी.एड. केले, लग्न झाले, मग बी.एड. केले आणि उर्दू शाळेत शिकवू लागले. ईदला फोन व्हायचा, मग तोही थांबला.

2022 च्या फेब्रुवारीत काकूंच्या त्या धाकट्याचा अचानक मोबाइलवर निरोप आला. सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर मोठा चित्रपट काढणार असे जाहीर केले होते. त्याची छोटी झलक त्याने पाठवली होती. खाली लिहिले होते, "नवा शक्तिमान येतोय. आपल्यासारखा असेल काय गं?"

किती वर्षांनी आलेले हे पहिले वाक्य! मी ती झलक चार-पाच वेळा पाहिली. चित्रीकरण झकपक होते. आनंद व्हायला हवा होता, पण पोटात शंका आली. आमच्या वयाच्या पुष्कळांना तसेच वाटले. हे लोक आमच्या शक्तिमानचे काय करणार, हाच प्रश्न ज्याच्या-त्याच्या तोंडी होता. पुढे त्या भूमिकेसाठी रणवीर सिंह यांचे नाव चर्चेत आले, तेव्हा ही शंका आणखी वाढली. 2024 च्या मार्चमध्ये स्वतः मुकेश खन्ना यांनी जाहीर विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की शक्तिमान हा नुसता अचाट कामे करणारा वीर नाही, तो शिक्षकही आहे. मी शिक्षिका असल्यामुळे ते मला पटकन पटले.

शंका अगदीच फुकाची नव्हती. 2023 च्या जूनमध्ये 'आदिपुरुष' आला, तेव्हा लोकांनी काय अनुभवले ते ताजे आहे. पैसा ओतला, तंत्र वापरले आणि तोंडी घातलेले संवाद टीकेमुळे प्रदर्शनानंतर बदलावे लागले.

पण मी स्वतःशी प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा माझ्याच शंकेवर मला शंका येऊ लागली. आठवले की, बदल आम्ही लहानपणीच पचवला होता. गीता विश्वास ही वार्ताहर मुलगी आधी किटू गिडवानी साकारायच्या, पुढे त्यांच्या जागी वैष्णवी महंत आल्या. गल्लीत आम्ही मुलींनी मोठा निषेध केला होता. "ही खरी गीता नाही," म्हणून दोन रविवार मी तोंड फिरवून बसले होते. थोड्याच दिवसांत वैष्णवी हीच आमची गीता झाली. मग रणवीर सिंह काय आणि आणखी कोणी काय? अमेरिकेत सुपरमॅन 1938 पासून आहे. तिथे 1978, 2006, 2013, 2025 अशी माणसे बदलत गेली आणि प्रत्येक पिढीला आपलाच खरा वाटला.

दुसरी गोष्ट. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुकेश खन्ना स्वतःच पुन्हा तो पोशाख घालून लोकांपुढे आले. म्हणजे जो हवा होता तोच आला. तरीही नाके मुरडली ती आमच्याच पिढीने. वय झाले म्हणाले, शोभत नाही म्हणाले. नवा नको, जुनाही नको. मग आम्हाला हवे तरी काय आहे?

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखवला होता. मी मोठ्या हौसेने मुलाला घेऊन बसले. तो सात वर्षांचा होता. शक्तिमानची गिरकी बघून तो खदाखदा हसला. "अम्मी, ये तो बच्चों का कंप्युटर से बनाएला दिखता." मीही हसले, कारण खरेच तसे दिसत होते. घरात रंगीत टीव्ही, वीज चालू, पुढे बसायला भांडण नाही. आणि मला करमेना. मला समजले की मी पडद्याकडे बघतच नव्हते. आजूबाजूला बघत होते. शेजारी कोणी नव्हते.

आम्हाला जे परत हवे आहे ते कोणता निर्माता आणणार? सोनी काय आणणार आणि मुकेश खन्ना तरी काय आणणार? काकूंची ती खोली कुठल्याही चित्रपटात येणार नाही. ती आम्ही मोठ्यांनी सांभाळायची होती. आमच्या मुलांनी कोणाच्या घरी जाऊन टीव्ही बघितला? कोणाच्या मुलांना आम्ही बोलावले? आणि माझ्या वर्गातल्या मुलाला शक्तिमान आपला की परका हे विचारावेसे वाटले, त्यात चूक त्याची नक्कीच नाही. त्याने विचारायला आमच्याकडूनच शिकले. आम्ही हल्ली प्रत्येक गोष्ट हातात घेण्याआधी ती कोणाची हे बघतो. आपल्याकडेही बघतात, बाहेरही बघतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला जवळ बोलावले. सांगितले, की शक्तिमान होण्याआधी हेच मुकेश खन्ना टीव्हीवर महाभारतातले भीष्म होते. आणि भीष्मांच्या तोंडचे ते संवाद लिहिले होते राही मासूम रझा यांनी. तो चकित झाला. मग मी त्याला रुपयाची गोष्ट सांगितली, काकूंची सांगितली, बिस्किटांची सांगितली. सारा वर्ग ऐकत होता.

तो म्हणाला, "फिर टीचर, तुमने काकू को सॉरी बोला?"

"काकू को कायकू?"

"इतने साल फोन नै करे ना."

मी शिकवायला उभी होते आणि शिकवणारा निघाला तो. संध्याकाळी मी काकूंच्या धाकट्याकडून नंबर घेतला. काकूंना आता कमी ऐकू येते. नाव तीनदा सांगावे लागले. मग पलीकडून आवाज आला, "कोण, रुपायावाली व्हय?"

हे लिहीत असताना तरी तो चित्रपट पडद्यावर आलेला नाही. आला तर मी जाणार आहे. चांगला निघाला तर आनंद आहे, वाईट निघाला तर तक्रार करायला मी पहिली असेन. मात्र एकटी जाणार नाही. मुलाला नेईन, आणि त्याला सांगितले आहे की त्याच्या शेजारपाजारच्या दोस्तांनाही विचार. कोण कोणाच्या घरचे ते न बघता.