सिम एक अंबाजोगाई, सिम दोन हॅरो

लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला जायचं ठरलं, तेव्हा सल्ले द्यायला अख्खी गल्ली आली. डिंकाचे लाडू किती दिवस टिकतात, अळीव कुठल्या डब्यात भरायचे, तुपाची बरणी कशी बांधायची, स्वेटर किती घ्यायचे. व्हिसाचं आणि तिकिटाचं तर ज्याने त्याने विचारलं. फोनचं कुणी विचारलं नाही. मी मात्र जाण्याआधी सगळ्यात जास्त वेळ फोनलाच दिला. आपल्या बीड जिल्ह्यातून माझ्या वयाची जी माणसं लेकरांकडे निघाली असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पेन्शनच्या खात्याला माझा नंबर, आधारला तोच. केज तालुक्यातली जमीन आम्हा दोघांच्या नावावर. तिच्या पीकविम्याला आणि शेतकरी ओळख क्रमांकालाही तोच. गॅस, लाइटबिल, एलआयसी, सगळीकडे मीच. ह्यांना रान कळतं, फोनची कटकट नको असते. त्यामुळे घरातला प्रत्येक ओटीपी माझ्या फोनवर येतो. असा नंबर अर्ध्या वर्षासाठी बंद पडला असता, तर अंबाजोगाईतलं घर आणि रान दोन्ही अडून बसलं असतं.

मुलूख सोडून जाणं बीडच्या माणसाला नवं नाही. माझ्या वर्गातली कितीतरी लेकरं दिवाळीच्या आगेमागे आईबापाबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्याच्या कोप्यांवर जायची, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. अलीकडे त्यांच्याही गाठीला फोन असतो. रिचार्ज संपलं की रेशनचा, बँकेचा मेसेज येत नाही, आणि गावी परत आल्यावर कळतं की नंबरच गेला. हे मी जवळून पाहिलेलं आहे. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. तोच नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. तुमच्या खात्याला जोडलेला नंबर अनोळखी माणसाच्या हातात गेल्यावर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

लेकीचं म्हणणं होतं, ‘आई, नवा फोन पाठवते, जुना तिथेच ठेव.’ मी नाही म्हणाले. यूपीआयचं ॲप आणि सिम एकमेकांना बांधलेले असतात. नव्या फोनवर ॲप सुरू करायचं तर त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि परदेशात रोमिंगवर तो जाईलच याची खात्री नाही. म्हणून जुनाच दोन सिमचा फोन बरोबर न्यायचा ठरवला. मंडी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात माझा एक विद्यार्थी बसतो. त्याला म्हटलं, ‘तू काही दाबू नकोस. तू सांग, मी दाबते.’ तो म्हणाला, ‘बाई, वर्गात तुम्ही आम्हाला असंच करायला लावायच्या.’ इंटरनॅशनल रोमिंग सुरू केलं, दीर्घ मुदतीचं रिचार्ज मारलं. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, हे कंपनीच्या केंद्राला फोन लावून स्वतः विचारून घेतलं. ओटीपी एसएमएसनेच येतात, म्हणजे माझं निम्मं काम तिथेच झालं.

मग बँकेचं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर परदेशातला वापर आपोआप चालू नसतो; आपण सांगावं लागतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू केला आणि मर्यादा कमी ठेवली, म्हणजे कार्ड हरवलं तरी मोठं नुकसान नको. परदेशात कार्ड वापरलं की बँक चलनबदलापोटी साडेतीन टक्क्यांपर्यंत वर घेते आणि त्यावर जीएसटी. हे आधी माहीत असलं की हिशेब चुकत नाही.

संध्याकाळी एक काम नेमाने केलं. फोनमधल्या प्रत्येक नावाच्या नंबरापुढे अधिक ९१ लावलं. आपण दहा आकडे साठवतो, ते देशात चालतं. परदेशी सिमवरून तेच दहा आकडे लावले की फोन कुठेच लागत नाही. ज्यांना संकटात फोन करायचा, त्यांची नावं आधी दुरुस्त केली. आणि एक वही केली. कुठल्या खात्याला कुठला नंबर, बँकेच्या मदतकेंद्राचे परदेशातून लागणारे क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक, सगळं पेनने. पासवर्ड मात्र वहीत लिहिले नाहीत.

सामानात पॉवर बँक हँडबॅगेतच हवी, ही विमानाची सक्त अट. तिच्यावर बारीक अक्षरात वॅट-अवर लिहिलेले असतात. १०० च्या आत असली तर अडचण नसते. माझी २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-अवरची. आता काही विमान कंपन्या ती बरोबर ठेवू देतात, पण विमानात तिच्यावर फोन लावू देत नाहीत. म्हणून विमानतळावरच फोन पूर्ण चार्ज करून घेतला.

दुबईला विमान बदलायचं होतं. विमानतळावरचं वायफाय फुकट आणि जोरात. ह्यांना व्हॉट्सॲपवर फोन लावला तर ‘कनेक्टिंग’च्या पुढे काही सरकेना. परत लावला, तेच. छातीत धस्स झालं, कारण पोहोचल्याचं कळवते म्हणून शब्द दिला होता. शेजारी कोल्हापूरकडचा एक मुलगा बसला होता, तिथेच नोकरीला. तो म्हणाला, ‘मावशी, अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल बंद असतो. बोलून पाठवा, ते जातं.’ आवाजाचा संदेश पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या. आखातात नोकरी करणारी लेकरं आईशी बोलायला वेगळं ॲप का घ्यायला लावतात, ते तेव्हा उमगलं.

लंडनमधल्या हॅरोला लेकीच्या घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानातून ब्रिटिश सिम आणलं. ना आधार, ना अंगठा, ना फोटो. भाजीबरोबर सिम घेऊन आलो. टेबलावर पांढरा रुमाल पसरला, पिनेने ट्रे बाहेर काढला. जुनं सिम पहिल्या खाचेत तसंच राहू दिलं, नवं दुसऱ्या खाचेत बसवलं. फोनच्या सेटिंगमध्ये सिमला नाव देता येतं. पहिल्याला ‘अंबाजोगाई’ दिलं, दुसऱ्याला ‘हॅरो’. इंटरनेट हॅरोवर, अंबाजोगाईचं डेटा रोमिंग बंद. व्हॉट्सॲपने विचारलं, नंबर बदलायचा का? नाही म्हटलं, जुनाच ठेवला. एवढ्याने माझा संसार दोन गावांत सुरळीत चालू लागला.

प्लगचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या भिंतीत तीन चपट्या दांड्या जातात, आपल्यासारख्या गोल नाहीत. जोडणारा अडॅप्टर पुरतो, कारण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. खसखस-खोबरं वाटायला इथून नेलेला छोटा मिक्सर तिथे छान चालला. अमेरिकेला जाणाऱ्यांनी हा मोह टाळावा. तिथे १२० व्होल्ट, आपला मिक्सर नुसता कण्हत राहतो. फोनच्या चार्जरवर मात्र ‘१००-२४०’ छापलेलं असतं, तो जगात कुठेही चालतो.

नातू ऑगस्टमध्ये झाला. त्याच सुमाराला इकडे ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद, सुरू होती. ती शेतात उभं राहून, तिथलं ठिकाण धरूनच फोटो काढून करावी लागते. लंडनमधून होत नाही. निघण्याआधी ह्यांच्या फोनवर ॲप घेऊन दिलं होतं आणि बांधावर नेऊन शिकवलं होतं. ह्यांनी ती एकट्याने केली. सोयाबीनचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘झालं बाई.’ माझ्या सगळ्या तयारीत ह्या दोन शब्दांनी झालेला आनंद फार मोठा होता.

लंडनमध्ये २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं आणि चढायचं. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचं, बदललं तर भाडं जास्त लागतं. लेक उठून बसायला लागल्यावर एका दुपारी जावयाबरोबर चॉक फार्म स्टेशनवर उतरले आणि १०, किंग हेन्रीज रोडवर गेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ह्या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. दारातून मी व्हिडिओ कॉल लावला. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या बायका केजला आणि धारूरला आपापल्या घरात बसून ती विटांची भिंत बघत होत्या. एक जण म्हणाली, ‘बाई, फोन जरा वर करा, पाटी वाचू द्या.’ मी हात उंच केला आणि तिने मोठ्याने वाचली. तिथे मला रडू आलं.

१७ सप्टेंबरलाही असंच. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीडच्या स्टेशनात पहिली प्रवासी गाडी आली, अहिल्यानगरकडची. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, आणि तेव्हापासून आम्ही ह्या गाडीची वाट बघत होतो. शेजारणीने बीडहून व्हिडिओ पाठवला. फुलांनी सजवलेली गाडी मी हॅरोच्या स्वयंपाकघरात बाळाचं दुपटं घडी करता करता पुन्हा पुन्हा पाहिली.

सगळ्यात जास्त आठवतात ते पहाटेचे फोन. उन्हाळ्याच्या वेळेत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. इथे साडेदहा वाजले की तिकडे सकाळचे सहा. एका पहाटे ह्यांचा फोन आला, ‘अगं, सिलिंडरवाला दारात उभाय, कोड मागतोय.’ गॅस पोहोचवणाऱ्याला द्यायचा चार आकडी कोड नोंदलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर माझ्या उशाशी. चष्मा शोधला, बाळ जागं होऊ नये म्हणून न्हाणीघरात गेले, हळू आवाजात चार आकडे सांगितले. मागून सिलिंडर खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा फोन ठेवला.

ओटीपीबद्दल आम्ही दोघांनी एक नियम पाळला. कोड मी फक्त ह्यांना सांगायचा, तोही आवाज ओळखून आणि कशासाठी ते विचारून. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणालाही नाही. लेकरू परदेशात आहे, आई तिकडे गेली आहे, हे गावभर माहीत असतं, आणि फसवणारे अशीच घरं हेरतात. तसा प्रकार झालाच तर भारतात १९३० ह्या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, हे ह्यांच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी पावसाने मराठवाड्याचं जे केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. धनेगावला मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदी दुथडी सोडून रानात शिरली. आमच्या सखल तुकड्यात गुडघ्याएवढं पाणी. दिवसभर फोन लागेना, टॉवर बंद असावा. संध्याकाळी ह्यांचे आवाजी संदेश एकदम येऊन पडले. एकात नुसता पावसाचा आवाज आणि शेवटी, ‘मी बरा आहे, सोयाबीन गेलं.’ माझ्या मांडीवर महिन्याचं बाळ होतं. मला दुसरं काही करता येत नव्हतं, पण मजुरांचे राहिलेले पैसे मी त्याच रात्री नेट बँकिंगने पाठवले. ओटीपी ‘अंबाजोगाई’वर आला. पाण्यात अडकलेल्या माणसाच्या हातात तेव्हा पैसे जाणं गरजेचं होतं.

पुढे पंचनामा झाला तेव्हा पीक पाहणीतला नोंदलेला फोटो कामी आला. शेतकरी ओळख क्रमांक निघण्याआधीच काढून ठेवला होता. नाहीतर ई-केवायसीला माझा अंगठा लागला असता आणि तो समुद्रापलीकडे. नुकसानीच्या मानाने मदत थोडी होती, पण खात्यात आली, अडकली नाही.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये परत आल्यावर इथेच दिला. ज्यांचा मुक्काम लांबतो त्यांना तो लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयातून मिळतो, हे माहीत असू द्यावं.

परदेशातल्या लेकरांना माझं एक सांगणं आहे. आईवडिलांना बोलवाल तेव्हा निघायच्या आठवड्यात नवा फोन भेट देऊ नका. दोन महिने आधी सुट्टीत या किंवा व्हिडिओ कॉलवर बसा. त्यांचा जुना नंबर कशाकशाला जोडला आहे त्याची यादी त्यांच्याच हाताने लिहून घ्या. रोमिंग त्यांनाच चालू करू द्या, सिम त्यांनाच बसवू द्या. तुम्ही चटकन करून दिलेलं तुम्ही कामावर गेल्यावर त्यांना दुरुस्त करता येत नाही. आणि घरी मागे राहणाऱ्यालाही तेवढंच शिकवा, कारण निम्मी कामं त्याच्याच हातून होणार असतात.

माझ्या फोनमध्ये हॅरोचं सिम आता नाही. अंबाजोगाईचं पहिल्या खाचेत आहे, त्याचं रिचार्ज पुढच्या जूनपर्यंत आहे.