भावकीचा कागद

जातवैधतेच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते, तीही शपथेवर. माझ्या भावाच्या मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आपलं कुळ याच राज्यातलं आणि याच जातीतलं, हे कागदानं दाखवायचं होतं. भावाचा शाळा सोडल्याचा दाखला वरळीच्या महापालिका शाळेतला, पुष्कळ नंतरचा. आमचे वडील शाळेत गेलेच नाहीत, मिसरूड फुटायच्या आधी गिरणीत गेले. मग वडिलांच्या मागं जायचं, तर वाट चुलत्यांच्या चुलत्यांकडून जाते. एकाच्या ट्रंकेत दाखला असतो, दुसऱ्याकडं नुसतं नाव, आणि ते नाव कुणाचं हे सांगणारी म्हातारी तिसऱ्याच घरी.

बीडीडी चाळीत ही वाट एके काळी चार पावलांची होती. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, सरकारनं मुंबईत अशा २०७ इमारती उठवल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजल्यावर तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. रत्नागिरीकडची अख्खी वाडी एकेका मजल्यावर उतरलेली असायची. रातपाळीचा उठला की त्याच जागेवर दिवसपाळीचा पाठ टेकायचा, आणि दोघं एकमेकांचे कोण लागतात हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लहानपणी नळावरून कळशी घेऊन येताना एखादी आजी अडवायची, ‘तू कुणाची गं?’ स्वतःचं नाव सांगून सुटका नव्हती. बापाचं, आज्याचं, वाडीचं नाव सांगितलं की ती बोटांवर मोजून म्हणायची, ‘म्हणजे तुझा आजा नि माझे मालक चुलत भाऊ. मला आजी म्हण.’

१९८२ च्या गिरणी संपानंतर माणसं विखुरली. कुणी नालासोपारा, कुणी बदलापूर, कुणी परत गावी. मग पुनर्विकास आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हे घर आमच्या माणसांनी तीन पिढ्या वाट पाहून मिळवलं, त्याचा आनंद मोठा आहे. पण चाळीसमजली टॉवरच्या लिफ्टमध्ये ‘तू कुणाची’ विचारायला वेळ नसतो.

तर भावकी फोनवर जमवली. ज्यांना मी फक्त मयताला आणि लग्नाला पाहिलं होतं, असे भाऊ तहसील कचेरीत रजा टाकून उभे राहिले. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर. आमच्या गावचं मोडीत आहे. चिपळूणच्या चुलत चुलत भावाची लेक मोडी शिकलेली. तिनं पानाचा फोटो टाकला आणि रात्री सगळ्यांना फोनवर घेऊन वाचून दाखवलं. आधी माणसाचं नाव, त्याला जोडून ‘नाक’, मग ‘बिन’, मग बापाचं नाव, त्यालाही ‘नाक’. जातीचा रकाना भरलेला. मृत्यूचं कारण, ताप. तो माझ्या आजोबांचा बाप.

असं नाक लावलेली महार शिपायांची नावं भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, ती आपण दर वर्षी मानानं वाचतो. हे नाव मात्र कुणी मानानं लिहिलेलं नव्हतं. चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तांत त्या त्या घराण्यातल्याच माणसांनी माहिती जमवून छापले, आपल्या पूर्वजांबद्दल आपल्या शब्दांत. आमच्या पूर्वजांची नावं राहिली ती जन्ममृत्यूची नोंद ठेवावी लागे म्हणून. गावाला ती माणसं हवी होती चाकरीपुरती. महार वतन वंशपरंपरेनं चालायचं, त्यामुळं बापानंतर राबायची पाळी मुलावर. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं, आणि वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. मधली तीस वर्षं आमची माणसं त्याच चाकरीत होती. हे मला बोचतं. तरी त्या रात्री नाव वाचलं गेलं तेव्हा फोनवर सगळे एकदम बोलायला लागले. बदलापूरचे काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘परत वाच, पोरी.’

वडील ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर होते. बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले तिथंच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली, आणि वडील बौद्ध होऊन पायी वरळीला आले. घरातले देव त्यांनी समुद्रात सोडले. त्यांच्या नातीला आता त्यांनी टाकलेल्या जातीचा पुरावा द्यायचा. पुष्कळजण मला विचारतात, हे खटकत नाही का? खटकतं, पण दोष आमच्याकडं येत नाही. माणसानं जात सोडली म्हणून तिनं केलेलं नुकसान भरून निघत नाही. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळायला तर १९९० साल उजाडलं.

प्रमाणपत्र आलं. पोरीला प्रवेशही मिळाला.

त्या वंशावळीवर रेघ फक्त बापाकडून पुढं जाते. माझ्या नावापाशी ती थांबते. माझ्या मुलांना तो कागद उपयोगाचा नाही. नियमाचं काम नियमानं केलं. आमचं उरलंय, म्हणून आम्ही दुसरा कागद धरलाय, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून लांब केलेला. त्याच्यावर लेकी आहेत, सुना आहेत, गिरणीतल्या वीस माणसांना दोन वेळचं रांधून घालणारी निपुत्रिक चुलती आहे. प्रत्येक बाईची दोन नावं, माहेरचं आणि सासरचं. सासरचं सगळ्यांना माहीत. माहेरचं मिळवायला जीव जातो. नव्वदीच्या आत्याला फोन लावावा, तर ती आधी सगळ्यांची खुशाली घेते, मग भांडते, मग नाव सांगते.

आजोबांच्या बहिणीपाशी सध्या अडलंय. लोट्याचे भाऊ एक नाव सांगतात, आत्या दुसरं. दोन्ही लिहून ठेवलीत. तिला दिली होती त्या घरातल्या कुणाला काही माहीत असेल तर कळवा, असं ग्रुपवर टाकलं, ते फिरत फिरत मंडणगडला गेलं. तिथल्या एका गृहस्थांचा काल फोन आला. म्हणाले, ‘ताई, मी तुमचा भाऊ लागतो.’ कसे ते फोनवर सांगेनात. रविवारी आईला घेऊन येतायत.