वाऱ्याच्या भरवशावरची सहल

सहल एका दिवसाची. पण तिची सिद्धता गेले तीन आठवडे चालली आहे. आमचा भाचा अभियंता. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल या नगरात त्याचे वास्तव्य आहे आणि सुट्टीनिमित्त आम्ही सध्या त्याच्याकडे उतरलो आहोत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या ‘सॅटर्न ५’ या अग्निबाणाचा विकास याच नगरात झाला. येथील माणसाने सहलीचा आराखडाही मिनिटामिनिटांच्या हिशेबाने आखावा, यात नवल ते काय! पहाटे साडेतीनला उठणे, चारला चहा, सव्वाचारला गाडी, पाचपूर्वी मैदान. कागद स्वयंपाकघरात शीतकपाटाच्या दारावर लावून झाला आहे.

जायचे आहे ते डिकेटर गावी, येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर. टेनेसी नदीच्या काठी पॉइंट मॅलार्ड नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे १९७८ सालापासून मे महिन्याच्या अखेरीस, वसंत सरता सरता, उष्ण हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो. युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन येथे मेच्या शेवटच्या सोमवारी पाळतात. त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी हा सोहळा असतो. नाव ‘अलाबामा ज्युबिली’. आम्हां धर्मगुरूंना ज्युबिली म्हटले की कृतज्ञतेची मिस्सा, लांबलेली भाषणे आणि मंडपातले जेवण एवढेच आठवते. येथे मात्र डझनावारी फुगे आकाशात चढतात आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

रविवारचा विचार आम्ही प्रारंभीच बाजूला सारला. फुगे उडतात ते सूर्योदयाच्या सुमारास आणि मग थेट सूर्यास्तापूर्वी. ऊन चढले की जमीन तापते, हवेचे लोट वर उसळू लागतात आणि फुगा चालकाच्या हाती राहत नाही. पहाटेची हवा थंड असते, त्यामुळे आतली तापलेली हवा तिच्या मानाने अधिक हलकी ठरते आणि फुगा सुखाने उचलला जातो. रविवारी पहाटे मैदानावर आणि लगोलग धावतपळत मिस्सेला, ही ओढाताण नको. शनिवार ठरला.

पण ठरला म्हणजे काय? भाच्याच्या आराखड्यात एका गोष्टीसाठी रकाना नाही, ती म्हणजे वारा. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरहून अधिक वेगाने वारा वाहू लागला की फुगे जमिनीवरच राहतात. फुग्याला सुकाणू नसते. निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात. चालक ज्योत वाढवून वर चढतो, हवा निवू देऊन खाली येतो आणि आपल्या दिशेचा वारा शोधतो. एवढेच त्याचे नियंत्रण. तो कोठे उतरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्याची माणसे खालून गाडी घेऊन त्याच्या मागे धावत असतात. निकदेम रात्री प्रभूकडे आला तेव्हा प्रभूने त्याला वाऱ्याचाच दाखला दिला होता. पेंटेकॉस्टच्या प्रवचनात तो दाखला आम्ही आजवर अनेकदा वापरला. हवामानाचा अंदाज दिवसातून चार वेळा पाहणाऱ्या भाच्याकडे बघताना तो दाखला आम्हांला नव्याने उमगू लागला आहे.

भाच्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने आम्हांला विचारले, “फादरआजोबा, फुगा पहिल्यांदा कोणी उडवला?” पाठ्यपुस्तकातले उत्तर असे की फ्रान्समधील मॉन्गोल्फिये बंधूंनी. ते कागदाच्या धंद्यातले. १७८३ साली त्यांनी व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात पाठवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात माणूसही चढला. पण आम्ही तिला दुसरीच गोष्ट सांगितली, थोडासा व्यावसायिक अभिमान बाळगून! ब्राझिलमध्ये जन्मलेले बार्थोलोमेव द गुस्मांव नावाचे एक धर्मगुरू होते. १७०९ च्या ऑगस्टमध्ये लिस्बन येथे पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याच्यासमोर त्यांनी कागदाचा छोटा फुगा विस्तवाच्या ऊबेवर वर चढवून दाखवला. त्या काळी आपली वसईही त्याच राजाच्या अमलाखाली होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोही हाच राजा गादीवर असताना. आणि २००५ साली विजयपत सिंघानिया महालक्ष्मीच्या मैदानावरून उष्ण हवेच्या फुग्यातून निघाले, एकवीस हजार मीटरांहून उंच गेले आणि नाशिक जिल्ह्यात पांचाळे गावी उतरले, हेही सांगितले. मुलीचे लक्ष मेंढीवरच राहिले. मेंढी परत आली का, एवढेच तिला हवे होते. आली, सुखरूप आली.

मग तिने आजीला विचारले, “आजी, तू कधी असा फुगा पाहिलास?”

आजी म्हणजे आमची थोरली बहीण. मेव्हणे गेल्यावर वसईचे घर कुलूपबंद करून ती लेकाकडे आली. दोन्ही गुडघे निकामी झाले आहेत. रविवारची मिस्सा सोडली तर दोन वर्षांत ती घराबाहेर पडलेली नाही. चाकांची खुर्ची आणलेली आहे, पण ती माळ्यावर; परक्या लोकांत त्या खुर्चीत बसायला ती राजी नाही. खरे तर ही सारी सहल तिच्यासाठीच आहे, हे भाच्याने आम्हांला खासगीत सांगितले होते. “फादरमामा, तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल.”

“एक पाहिलाय,” ताई म्हणाली आणि भाजी निवडू लागली. आमच्याकडे तिने पाहिले नाही. आमचा घास मात्र घशात अडकला.

तो फुगा आमचा होता. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे, ताई सोळा. पतंगाचे कागद भाताच्या खळीने चिकटवून तिने फुगा केला. तोंडाशी तारेचे कडे, त्यात रॉकेलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा बोळा. खळ्यातून उडव्या उठेपर्यंत फुगा सोडायचा नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद होती. नाताळच्या आदल्या रात्री मंडळी देवळात जायच्या गडबडीत असताना आम्ही एकट्यानेच बोळा पेटवला. फुगा माडांच्या वर चढला, डोळ्यांचे पारणे फिटले. मग तो कलला आणि शेजाऱ्यांच्या भाताच्या उडवीवर उतरला. वर्षाचे भात डोळ्यांदेखत जळाले. वडिलांनी विचारले, “कोणी सोडला?” आम्ही तोंड उघडण्याआधी ताई म्हणाली, “मी.” मार तिने खाल्ला. भरपाई वडिलांनी केळीच्या पैशांतून केली. त्याच वर्षी ती एस.एस.सी. झाली होती आणि शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला जाणार होती. ते राहून गेले. पुढे तिचे लग्न झाले आणि आम्ही गुरुविद्यालयात गेलो. हजारो लोकांचे पापनिवेदन आम्ही ऐकले. आमचे हे पाप आम्ही आमच्या पापनिवेदकाला सांगितले होते, बहिणीला नव्हे.

तेव्हा ताईला खुर्चीत बसण्याचा आग्रह करायला आम्हांला तोंड कोठे होते?

दरम्यान सहलीच्या यादीला कात्री लागतच होती. भाच्याने खास आमच्यासाठी कलमन येथील बेनेडिक्टाइन मठाचा फेरा त्यात घातला होता. तेथे ब्रदर जोसेफ झॉटल या पाठीने वाकलेल्या संन्याशाने सिमेंट, फुटक्या काचा, गोट्या अशा टाकाऊ वस्तूंपासून जगातल्या तीर्थस्थानांच्या शंभरावर प्रतिकृती एका टेकडीच्या उतारावर उभारल्या आहेत. जाण्याची आम्हांला फार इच्छा. पण उतार, ऊन आणि ताईचे गुडघे! ते खोडले. फुग्यात बसण्याचा बेतही खोडला. वेताच्या टोपलीला बहुधा दार नसते, कठड्यावरून चढावे लागते आणि उतरताना गुडघे वाकवून हादरा सोसावा लागतो. ताईला खाली ठेवून कोणी वर जायचे नाही, असे ठरले. आम्ही मनातून हिरमुसलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आज शुक्रवार. जेवणे झाली, मुलगी झोपली. आम्ही ताईच्या खोलीत गेलो. जपमाळ संपेपर्यंत थांबलो आणि मग जे सांगायचे होते ते सांगितले. शब्द धड जुळले नाहीत. प्रवचनाची सवय अशा वेळी उपयोगी पडत नाही.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पैसे तेव्हा नव्हतेच रे. उडवी जळली नसती तरी बाबांनी मला धाडलं नसतं.”

हे खरे की आमच्यासाठी रचलेले, ते आम्हांला कळले नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही. थोड्या वेळाने तीच पुढे बोलली, “पण तू सांगायला हवं होतंस. बाबा जिवंत होते तोवर.”

“होय,” आम्ही म्हणालो. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली.

हे लिहीत असताना रात्रीचे अकरा वाजले आहेत. भाच्याने शेवटचा अंदाज पाहिला. पहाटे वारा मंद राहील असे दिसते, पण खात्री नाही. माळ्यावरची खुर्ची खाली आली आहे. ती काढायला ताईनेच सांगितले. भाचा अंगणात तिची चाके पुसतो आहे. आम्ही दिवा मालवायला गेलो तेव्हा ताई जागीच होती. तिने विचारले,

“ते फुगे पेटवतात, तिथे खाली सुकं गवत नसतं ना रे?”