आजीची दुसरी डबी

दिल्लीत सरोजिनी नगरच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. १९९६ साली तिथल्या एका क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब राहत होतं. वडील मंत्रालयात, आई घरी, आजी कायमची मुक्कामाला आणि मुलगी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला.

त्या वर्षी फार्माकॉलॉजीचा मोठा पेपर होता आणि मुलगी धास्तावली होती. औषध शरीरात जाऊन काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, एवढाच खरं तर विषय. पण ग्रंथ केवढा जाडजूड! त्यावर सातोस्कर-भांडारकर ही नावं वाचून आजी मात्र खूश झाली. ‘‘आपलीच माणसं की गं! मग समजत कसं नाही तुला?’’

समजलं ते प्रयोगशाळेत. बेडकाच्या पोटाचा स्नायू दोऱ्याने टांगायचा आणि त्यावर औषधाचे थेंब सोडायचे. स्नायू आकसला की काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ उमटते. (आता हे प्रयोग बहुतेक ठिकाणी संगणकावरच दाखवतात.) मात्रा दुप्पट केली म्हणून रेघ दुप्पट होत नाही; एका टप्प्यानंतर तर ती वाढतच नाही. मुलगी हे घरी येऊन उत्साहाने सांगायची. आजी ‘ईऽऽ, बेडूक!’ म्हणून उठून जायची.

परीक्षेला आठवडा उरला होता. मुलगी वेदनाशामकांचं प्रकरण वाचत होती. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं दुखणं वाढवतात, ती या गोळ्या अडवतात. पण हीच द्रव्यं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. ती अडली की अंगात मीठ-पाणी साठू शकतं आणि रक्तदाबाच्या गोळीचा जोर कमी पडतो.

तिने पुस्तक मिटलं. महिनाभर आजीच्या पावलांना सूज होती, रक्तदाब उतरत नव्हता आणि डॉक्टर गोळी वाढवायच्या विचारात होते.

‘‘आजी, तू आणखी काही घेतेस का गं?’’

उशीखालून दुसरी डबी निघाली. गुडघ्यांसाठी शेजारणीने दिलेली आयबुप्रोफेन, दिवसाला तीन. डॉक्टरांनी विचारलं होतं, पण आजी ‘नाही’ म्हणाली होती. दुखण्याची गोळी म्हणजे काय औषध?

मुलगी डबी फेकायलाच निघाली. आईने हात धरला. ‘‘परीक्षा अजून व्हायचीय तुझी. डॉक्टरांना दाखवू.’’ हे आईचं शहाणपण पुस्तकात नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही डब्या पाहिल्या. आयबुप्रोफेन बंद करून पॅरासिटामॉल दिलं आणि रक्ताची तपासणी करायला सांगितली. रक्तदाबाची गोळी होती तेवढीच ठेवली. दोन आठवड्यांत सूज ओसरली, रक्तदाबही उतरला.

मुलीला पेपरात मार्क बेताचेच पडले. आजीचे गुडघे पुन्हा कुरकुरू लागले होते. ‘‘बघ जरा,’’ ती म्हणाली, ‘‘तुझ्या सातोस्करांनी यावर काही लिहिलंय का.’’